लाल झालेली हळद

"हे लगीन मोडलेलं बरं," ओटीवर बसल्या बसल्या धोंडूबाई म्हणाली.

लग्न आठवड्यावर आलं होतं आणि रंभाच्या गालांवर लाल चट्टे उठले होते. कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती. कानावर आलं म्हणून होणारी सासू धोंडूबाई बोळिंजहून स्वतः बघायला आली, आणि बघताच तिनं निकाल दिला. रंभाचे वडील रामनाथ खाली मान घालून बसले. मोडल्या लग्नाची पोर आता कोण पदरात घेणार, ही धास्ती.

रंभा रडायचं सोडून आत गेली. मॅट्रिक झालेली पोर, नसत्या चौकशा फार. सकाळी लग्नाची हळद कुटताना तिच्या साडीवर डाग पडला होता. साबण लावताच तो लालभडक झाला. बायका अपशकुन म्हणून कुजबुजल्या. तिला मात्र तेव्हापासून चैन नव्हतं.

हळदीत बुडवलेली चिंधी, पानाच्या डब्यातला चुना आणि दोन साबण घेऊन ती बाहेर आली. चुना लागताच चिंधीचं एक टोक लाल झालं. दुकानातल्या साबणानं दुसरं टोक नुसतं तांबूस. मग श्रीपतचा साबण. श्रीपत म्हणजे नवरामुलगा. वालीवला त्यानं साबणाचा छोटा कारखाना काढला होता, आणि साखरपुड्यानंतर होणाऱ्या बायकोसाठी कौतुकानं वड्या पाठवल्या होत्या. तेव्हापासून रंभा रोज त्यानंच तोंड धूत होती. त्यानं चिंधीचं तिसरं टोक थेट चुन्याइतकं लाल झालं.

"आत्याबाई," रंभा सासूला म्हणाली, "यात कॉस्टिक सोडा जास्त पडलाय. मानसाची कातडी मुळात जराशी आंबट असते, म्हनून धड राहते. तिला रोज चुना चोळला तर टिकेल का? हा रोग नाय. साबन बंद केला की जाईल."

आईसमोर लेकाच्या धंद्याला नावं ठेवायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात. रामनाथांनी डोळेच मिटून घेतले.

धोंडूबाई चिडली नाही. तिनं वाकून चिंधी निरखून पाहिली.

"आनि कोनी भांडीकपडे सगळे याच साबनानं धुतले तर?"

"हाताची सालं निघतील."

धोंडूबाईला रडू फुटलं. तिनं पदराखालून हात बाहेर काढले. बोटं भेगाळलेली, पार सोललेली.

"साखरपुड्याला तुज्या गालावरनं हात फिरवला ना मी," ती म्हणाली. "मला वाटलं, माजाच रोग तुला लागला. तू आमच्या घरात येऊन आनखी नासू नये, म्हनून मोडायला आले होते, पोरी."