एका फोनला एकच खूण

आपत्ती कक्षात स्वतःचा मोबाइल न्यायला बंदी होती, त्यामुळे बायकोच्या गाठीचा रिपोर्ट काय आला हे त्याला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. समोर नुसता फॉर्म: भूकंप, पूर, वादळ, दरड. एका फोनला एकच खूण करायची, असा नियम.

फोन वाजला. कुणी आजोबा धापा टाकत होते.

“घर हादरतंय हो! फळीवरची भांडी खाली आली!”

त्याने भूकंपावर खूण केली.

“वरच्या गॅलरीतून पाण्याचा लोंढा आलाय!”

त्याने भूकंप खोडून पूर केला.

“आणि आवाज असा, की कानठळ्या बसल्या!”

“आजोबा, काहीतरी एकच ठरवा.”

“मी ठरवू? मग तुम्ही तिथे कशाला बसलाय?”

“बरं, पत्ता सांगा.”

पत्ता त्याच्याच इमारतीचा होता. मजला बरोबर त्याच्या खालचा.

“आजोबा,” त्याने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला, “मी वरचाच बोलतोय. जरा गॅलरीत जाऊन ऐका. आमच्याकडे रडतायत की हसतायत?”

आजोबा जाऊन आले ते तणतणतच. “हसतायत! धपाधप नाचतायत, एकमेकींवर बादल्या ओततायत! तुमच्या मातोश्री शिट्ट्या मारतायत, आणि सूनबाई बेंबीच्या देठापासून ओरडतायत, ‘साधी निघाली, साधी निघाली!’ इथे माझं छत कोसळायला आलंय. भांडी परत फळीवर लावू का नको, तेवढं सांगा!”

त्याने चारही चौकटींत खुणा ठोकल्या.

“इतक्यात नका लावू, आजोबा. सगळ्यात मोठा धक्का सहा वाजता आहे. मी घरी पोचतोय.”