दगडावरचा फाउल

नवऱ्याच्या कबरीवरचा नवा दगड वाचता वाचता एस्तेरबाई अडखळल्या. "भाऊजी, हे 'जेंटल फाउल' काय कोरलंय? सज्जन आत्मा म्हणून 'जेंटल सोल' ठरलं होतं ना आपलं?"

धाकट्या दिराची मान खाली गेली. "वहिनी, त्या गोऱ्या कर्नलच्या जुन्या कबरीवरून मी अक्षर न् अक्षर उतरवलं हो! पाळकसाहेब आत्ता सांगतात, त्या काळी इंग्रजीत 'एस' लांबट काढायचे, थेट आपल्या 'एफ'सारखा. उद्याच दगड बदलतो."

बाई दगडाकडे बघत राहिल्या. रोज संध्याकाळी कॅरम मांडायचा हा माणूस. स्वतःचा स्ट्रायकर रेषेबाहेर असला तरी छातीठोक म्हणायचा, "मी आणि फाउल? शक्यच नाही!" बाईंचा नुसता पदर सोंगटीला लागला, की मात्र वाडीभर बोंब. अन् त्या हरून रुसल्या, की चहा स्वतः करून आणायचा, साखर जरा जास्तच घालून.

बाई खाली वाकल्या. त्याच पदराने त्यांनी 'फाउल'वरची धूळ हळूच टिपली.

"राहू द्या, भाऊजी. जिवंतपणी एकदाही कबूल केला नाही. आता लेखी दिलाय, तो पुसू नका."