व्हिएन्नातलं तिसरं म्युझियम

तिघांनी जायचं ठरलं होतं. विभावरीचा व्हिसा नाकारला गेला, तरी सिद्धांत आठ वर्षांच्या सृष्टीला घेऊन व्हिएन्नाला गेलाच. विभावरी घरी, अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये, एकटी धुमसत होती. तो फोटो पाठवत होता.

सकाळी दहा. पहिलं म्युझियम.

डायनोसॉरच्या सांगाड्याखाली सृष्टी. पुढचा दात पडलेला, बापाच्या कमरेला लागणारी.

दुपारी बारा. दुसरं म्युझियम.

कुठल्याशा राणीच्या चित्रापुढे सृष्टी. बापाच्या खांद्याला लागलेली. डोळ्यांना चष्मा.

विभावरीनं तडक फोन लावला. "कसलं घाणेरडं फिल्टर लावलंयस? असली मस्करी मला चालणार नाही."

"कसलं फिल्टर? व्हिसाचा राग पोरीवर काढू नकोस हं, विभा."

त्यानंच फोन कापला.

दुपारी तीन. तिसरं म्युझियम.

संगमरवरी जिन्यावर सिद्धांत, सकाळच्याच टी-शर्टमध्ये, केस काळेभोर. शेजारी चष्मा लावलेली एक बाई. तिच्या हनुवटीवर सृष्टीचा तीळ. कानांवरचे केस पांढरे.

"तिला फोन दे! आत्ताच्या आत्ता!"

"हाय ममा," एक जड, थकलेला आवाज म्हणाला. "यू साउंड सो यंग."

विभावरी किंचाळली, "सिद्धांत, बस झालं, खलास! हॉटेलवरसुद्धा जाऊ नकोस. थेट एअरपोर्ट गाठ, माझी मुलगी घरी आण!"

"वेड लागलंय का तुला?" सिद्धांतही भडकला. "दिवसभराचा पास काढलाय. अजून दोन म्युझियमं बाकी आहेत."