मांडणी कुठे साठवली आहे

“पोट दुखतंय म्हणून सांग,” नवरा दारात बूट घालता घालता म्हणाला. “मुलाखत काय, पुढच्या आठवड्यातही होईल.”

“एकदा पुढे ढकललं की ढकलतच राहतात,” ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

कंपनीने तिला स्पष्टच कळवलं होतं. मूल लहान आहे, झेपणार असेल तरच हो म्हणा. आजचं नीट पार पडलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. ती हो म्हणून बसली होती, आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

झोपायच्या खोलीतलं टेबल तिने भिंतीकडे वळवलं. दोरीवरच्या लंगोट्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत ना, हे उभं राहून, बसून, पुन्हा उभं राहून पाहिलं. मग बाहेर जाऊन मुलीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

“अगं, जिवंत आहे ती ठमाबाई,” सासूबाई म्हणाल्या. “पोरीच्या नाकात बोट घालून उठवणार आहेस का तिला? जा तू. माझ्या वेळी कुणी मला असं ‘जा’ म्हटलं नाही.”

ती गेली. दार तेवढं किंचित उघडं ठेवलं.

पडद्यावर दाढीवाला माणूस आधीच येऊन बसला होता. कोट इस्त्रीचा, मागे जाडजूड पुस्तकांची रांग. त्याने नमस्कार वगैरे केला नाही. आवाज येतोय का विचारलं, तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि घरूनच काम का, असं विचारलं. ती हो म्हणाली. मधे खंड पडला होता का? हो, बाळंतपणाचा. त्यावर तो समजूतदारपणे हसला. या क्षेत्रात सहा महिने म्हणजे एक जन्म, असं म्हणाला. त्याच्या हाताखालच्या दोघी अशाच गेल्या, म्हणे, त्या परत काही उभ्या राहिल्या नाहीत.

तिचे कान गरम झाले. तिने एक बटण दाबलं.

दोघांच्याही पडद्यावर आता एकच मशीन उघडलं. दूर कुठेतरी ठेवलेलं, लिनक्सवर चालणारं. त्याचा कळफलक बिघडवलेला होता. एक अक्षर दाबलं की भलतंच उमटत होतं. खाली प्रश्न लिहिलेला होता. कळांची मांडणी दुरुस्त करा, ती कुठे साठवली आहे ते दाखवा, आणि सेटिंगच्या खिडकीला हात लावू नका.

“हे काय, पोरखेळ आहे,” दाढीवाला म्हणाला. “नीट बघा, तुम्हालाही उपयोगी पडेल.”

तो स्वतःच कामाला लागला. एकेक अक्षर शोधत, चुकत, खोडत त्याने संपूर्ण मशीनसाठी असलेली फाईल उघडली. कुणीही बसो, कळफलकाची मांडणी इथूनच ठरते, असं त्याने दोनदा सांगितलं. फाईल बघितली तर तिच्यात सगळं बरोबर होतं. त्याने ती पुन्हा साठवली, मशीन बंद करून चालू केलं. अक्षरं तशीच, उलटीसुलटी.

“मशीनच खराब आहे,” तो म्हणाला.

“मशीन चांगलं आहे,” ती म्हणाली. “फाईलही चांगली आहे. डेस्कटॉप तिला विचारतच नाही.”

त्याने भुवया उंचावल्या. तिने हात कळफलकावर ठेवले. त्याच बिघडलेल्या कळफलकावर तिची बोटं न अडखळता चालली. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरात, म्हणजे होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणारा एक फोल्डर असतो, कॉन्फिग नावाचा. टिंब पुढे असलं की तो सहसा दिसत नाही. त्याच्या पोटात डीकॉन्फ नावाचा दुसरा फोल्डर, डेस्कटॉपच्या सेटिंगचं कोठार, आणि त्यात एकच फाईल. ती फाईल वाचू गेलं तर नुसता कचरा दिसतो. तिला आज्ञा देऊन विचारावं लागतं. तिने विचारलं. चुकीची मांडणी तिथेच बसली होती, संपूर्ण मशीनच्या फाईलला न जुमानता. तिने ती बदलली. अक्षरं सरळ झाली.



“माहीत होतं मला,” दाढीवाला म्हणाला. “तुम्हाला येतंय का ते बघत होतो.”

तेवढ्यात बाहेर ठमाबाईंनी भोकाड पसरलं. सासूबाईंचं गाणं, खुळखुळा, काही उपयोग नाही. आवाज बंद करण्याच्या बटणावर बोट गेलं, आणि तिथून परत आलं. ती उठली, मुलीला घेऊन आली आणि कॅमेऱ्यासमोरच मांडीवर घेऊन बसली. मुलगी हुंदका देऊन गप्प झाली आणि दाढीकडे टक लावून बघू लागली.

“हे असं रोज चालणार?” त्याने विचारलं.

“रोज चालणार.”

“मला तरी हे खपलं नसतं.”

“हो. ते कळलं मला,” ती म्हणाली.

त्याने कोटाची बाही मागे करून घड्याळ पाहिलं. मान हलवली. आतापर्यंत त्याने बराच संयम ठेवला होता, असा त्याचा चेहरा झाला.

“बाई, आता पुरे. तुमच्या साहेबांना बोलवा. मुलाखतीला आलेल्या माणसाला किती वेळ असं ताटकळत ठेवायचं?”

“साहेब नाहीत कुणी. मुलाखत मीच घेत होते,” ती म्हणाली, आणि तिने पुढच्या उमेदवाराला आत घेतलं.