सुताराचं नाक

"मान मागे करा, बाबा. हलू नका," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी कापूस लावलेली लांब काडी म्हाताऱ्या सुताराच्या नाकात सारली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सत्तर वर्षांत माझ्या नाकात काडी घालायची कुणाची हिंमत झाली नव्हती," तो पुटपुटला. "तुम्ही दोनदा घातलीत."

नर्सबाई हसल्या. काडी नळीत बंद करून त्यांनी वर नंबर लिहिला.

कामाच्या खोलीच्या दारात सून उभी होती. तिच्या मागून त्याची पाच वर्षांची नात भिंगरी डोकावत होती. आधीचे दोन हिवाळे लागोपाठ म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला होता, आणि दोन्ही वेळा त्याआधी सर्दी झाली होती ती भिंगरीला. दुसऱ्या खेपेला जिवावर बेतलं, तेव्हा त्यानेच फर्मान काढलं: पोरीने माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. फर्मान काढलं खरं, पण दिवसातून दहा वेळा त्याची नजर दाराकडे जायची.

"मागच्या तपासणीत काय निघालं?" सुनेने विचारलं.

"काहीच नाही. यांचं नाक स्वच्छ आहे. आणि एकट्या यांचंच नाही, गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या नाकातले न्यूमोनियाचे जंतू कमी झालेत. गेल्या वर्षी लहान मुलांना लस दिली ना, त्यामुळे."

"लस पोरांना आणि गुण आम्हाला?" सुतार म्हणाला.

"ते जंतू मुक्कामाला असतात पोरांच्या नाकात. तिथूनच तुमच्याकडे येतात. आता मुक्कामच हलला."

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे... ही जवळ गेली तर चालेल?"

"हमी कोण देणार, ताई? सर्दी असेल तेव्हा लांबच ठेवा. पण माझे सासरे यांच्याच वयाचे आहेत, आणि माझी पोरं दिवसभर त्यांच्या अंगाखांद्यावर असतात."

म्हाताऱ्याने बाकावरचा भुसा हाताने झाडला आणि थोडा बाजूला सरकला.

"काय गं, दार धरून किती वेळ उभी राहणार?"

भिंगरी धावत आली, बाकावर चढली आणि त्याच्या दंडाला बिलगली.

"आजोबा, सुई टोचली तेव्हा मी खूप रडले होते."

"माझ्या वाटचंही तूच रडलीस, बाई," म्हातारा म्हणाला.