अकरावा फर्मा

ताई आत कपबशा विसळत होती, तेवढ्यात धाकटीने कपाटातलं पुस्तक ओढलं आणि पर्समध्ये कोंबलं. एकसष्टाव्या वर्षी चोरी! पर्सची चेन काही लागेना. शेवटी तिने वरून रुमाल टाकला.

"निघते गं मी," तिने तिथूनच सांगितलं.

ताई हात पुसत बाहेर आली. "अशी फुगून जाऊ नकोस बाई. दुसरं काहीही माग, आत्ता देते. ते पुस्तक तेवढं मागू नकोस."

"ठेव तुझं तुलाच! छातीशी कवटाळून बस, लहानपणी बसायचीस तशी."

ताई पुढच्या आठवड्यात मुलाकडे राहायला जाणार होती, लांब, दुसऱ्या गावी. खोलीभर अर्धवट भरलेली खोकी पडली होती. सामानाच्या गडबडीत पुस्तक गेलं तर कायमचं गेलं, म्हणून धाकटी आज मुद्दाम आली होती. सरळ मागितलं होतं. मिळालं नाही. मग तिचाही नाइलाज झाला.

त्यांचे वडील बाइंडिंगखान्यात कामाला होते. छापलेल्या कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडलेल्या असायच्या. प्रत्येक थप्पीतला एकेक उचलत जायचं आणि मग शिवायचं. एखादी थप्पी हातून सुटली की पुस्तक बाद. अशी बाद पुस्तकं कामगारांनी घरी न्यावीत, मालकाची हरकत नसे. वडिलांनी एकदा मुलांच्या एका कादंबरीच्या दोन प्रती आणल्या, दोघींना एकेक. धाकटीच्या प्रतीत अकरावा फर्माच नव्हता. पान एकशे साठ, की लगेच एकशे सत्त्याहत्तर.

गोष्ट दोन बहिणींची होती. एकशे साठाव्या पानावर सर्कशीच्या गाड्या निघायच्या. मोठी गाडीत बसलेली, आणि छोटी गाठोडं घेऊन रस्त्यातच राहिलेली. एकशे सत्त्याहत्तराव्या पानावर दोघी त्याच गाडीत शेंगा खात बसलेल्या. मधे काय झालं? सहा वर्षांच्या धाकटीने भोकाड पसरलं.

"रडू नकोस. माझ्या पुस्तकात आहेत ती पानं," अकरा वर्षांची ताई म्हणाली. "मी वाचते, तू ऐक." वडिलांनी ताईकडे एकदा पाहिलं, आणि ते हाताला लागलेली खळ धुवायला गेले.

ताई भिंतीला पाठ लावून बसली आणि पुस्तक नाकासमोर धरून वाचायला लागली. मोठी चालत्या गाडीतून उडी मारते. चपला तिथेच पडतात. तशीच अनवाणी ती मागे मागे जाते, हाका मारते. छोटी एका मैलाच्या दगडावर गाल फुगवून बसलेली. आणि मोठी म्हणते, "तुला सोडून मी कुठे जाणार, वेडे?" सगळ्या पुस्तकात धाकटीला तेवढाच भाग जीव की प्राण झाला.

आणि तेवढाच नेमका तिच्याकडे नव्हता. "मला बघू दे," म्हणत ती वाकली की ताई पुस्तक फटकन मिटायची. ताईचे उतरलेले कपडे तिने घातले, ताईची वापरलेली रंगपेटी घेतली, ते एक वेळ सोडा. पण वडिलांनी चांगली प्रत ताईला आणि बाद प्रत आपल्याला द्यावी? पोरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी हे दुखणं काही बरं झालं नाही.

दर वर्षी ती ते पुस्तक पुन्हा वाचायला घ्यायची. एकशे साठावं पान आलं की मुकाट्याने ताईला फोन. ताई वाचायची, ही ऐकायची, मग पुढची पानं. नवरा चिडवायचा, "काय, यंदा तरी ती पोरगी सापडणार का?" वाचनालयात एकदा धडधाकट प्रत दिसली, तर हिने हातसुद्धा लावला नाही. परक्यांचं कशाला? घरात आहे की! हवं ते ताईचंच, आणि हक्काने.

गेली दोन वर्षं ताईच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. पेपरचे मथळेही तिला लागत नसत. ती सोळा पानं मात्र न अडखळता वाचायची. पाठच झाली असणार, धाकटी मनात म्हणायची, एकटीच्या मालकीची ना! तिला त्याचाही हेवा वाटायचा.

ताईकडून निघून धाकटी बसथांब्याच्या बाकावर टेकली आणि फोन वाजला. ताईच होती. कळलं वाटतं!

"रागाच्या भरात गेलीस, यंदाची पानं राहिलीच की गं," ताई म्हणाली. "वाचून दाखवू? थांब हं, पुस्तक घेते."

धाकटीने डोळे मिटून घेतले. आता ती कपाट चाचपेल. आता विचारेल. काय सांगायचं? रुमालाखालून पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता. शरमेने तिचे कान तापले.

पलीकडे कागदाची सळसळ झाली. ताईने घसा साफ केला.

"हं, सापडलं. पान एकशे एकसष्ट. 'गाडी वळणावर आली तशी मोठीने मागे पाहिलं आणि खाली उडी मारली...'"

तोच आवाज. तेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही.

धाकटीने पर्समधून पुस्तक काढलं. भराभर पानं उलटत ती एकशे साठाव्या पानापर्यंत आली. मग तिने समोरच्या पानाचा आकडा पाहिला.

एकशे सत्त्याहत्तर.

"ऐकतेस ना गं?" ताईने विचारलं.