पोलादी गिटारचा रास्त भाव

"हळू वाजवा हं. खालच्या मजल्यावरचे लगेच कुरकुर करत वर येतात," बाई म्हणाल्या.

गिटारवाल्याने मान डोलावली, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि काचेची नळी तारांवरून अलगद सरकवली. आवाज असा निघाला की नळी खाली ठेवूच नये असं त्याला वाटलं. चेहरा मात्र त्याने कोरा ठेवला. गिऱ्हाइकाचा चेहरा खुलला की भाव चढतो, एवढं त्याला कळत होतं.

गिटार रेझोनेटर होती. अंग पोलादाचं, आणि पोटात जाळीदार झाकणाखाली अल्युमिनियमचा पातळ शंकू. सगळा आवाज त्या शंकूचा. तो गेला तर गिटार म्हणजे नुसता डबा, आणि नवा मागवायचा तर दोन महिने. गिटारवाल्याकडे दोन दिवस होते. शनिवारी रेकॉर्डिंग होतं आणि संगीतकाराने स्वच्छ सांगितलं होतं, अशी गिटार घेऊन ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. पंधरा वर्षं हॉटेलात लोकांच्या जेवणामागे वाजवल्यावर ही पहिली खरी संधी चालून आली होती.

"झाकण उघडून बघू का?"

"नको हो," बाई पटकन म्हणाल्या. "हे कधीच कुणाला उघडू द्यायचे नाहीत. उघडली की बिघडते, म्हणायचे." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. 'ह्यां'ना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"किती म्हणालात?"

"साठ हजार. जाहिरातीत लिहिलेत तेच."

साठ रास्तच होते. आणि साठ त्याच्या पिशवीत होतेही. पण ते बायकोने फ्रिजसाठी साठवलेले. घरातला फ्रिज आता कपाट म्हणूनच काय तो कामाला येत होता. "ने सगळे," बायको सकाळी म्हणाली होती, "पण जमलं तर थोडे वाचव रे." तिने ते हसत म्हटलं होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं.

"जरा पाणी मिळेल?"

बाई आत गेल्या. हा माणूस लबाड नव्हता. आजवर बसचं तिकीटसुद्धा त्याने बुडवलं नव्हतं. पण त्या मिनिटाला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने खिशातलं नाणं काढून झाकणाचा एक स्क्रू दोन आटे ढिला केला. आतला नळ बंद झाला तसं त्याने नाणं मुठीत दाबलं.

पाणी पिऊन त्याने पुन्हा तार छेडली. झाकण खरखरलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हे काय?"

"शंकू," तो म्हणाला, फरशीकडे बघत. "चिरलेला दिसतोय."

त्याला वाटलं होतं, बाई भांडतील. मघाशी तर छान वाजत होती, म्हणतील. त्यावरची उत्तरंही त्याने मनात जुळवून ठेवली होती. पण बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तळहाताने कपाळ पुसलं.

"उघडून बघायची काही गरज नाही," तो घाईने म्हणाला.

"नकोच," बाईही तितक्याच घाईने म्हणाल्या. "तुम्ही किती देता?"

"पस्तीस."

"द्या."

संपलं. घासाघीस नाही, रडगाणं नाही. गिटार पाठीला लावून तो तीन जिने उतरला, पण बाईंचा तो चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. एकटी बाई, भोळी बघितली आणि गंडवली. शनिवारी हीच गिटार मांडीवर घ्यायची, आणि बोटं उचलणार आहेत का? तळमजल्यावर तो थांबला, स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि तिन्ही जिने परत चढला.

बाईंनी दार उघडलं आणि त्याला बघून एक पाऊल मागे सरकल्या. "झाला तो व्यवहार झाला," त्या म्हणाल्या. "आता परत नाही घेणार मी."

"परत द्यायला नाही आलो." त्याने उरलेले पंचवीस हजार पुढे केले. "हे ठेवा. भाव साठच होता. चूक माझी आहे."

बाई पैशांकडे बघत राहिल्या. "अहो, नको. खरंच नको. पस्तीस पुष्कळ झाले."

"तुम्ही घेतले नाहीत तर मला झोप लागायची नाही, ताई."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग पैसे घेतले आणि दार लावलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

"शोभतं का तुला हे?" ती म्हणाली. "देऊन आलास ते बरं केलंस. फ्रिजचं काय, वर्षभर बंदच आहे, अजून एक वर्ष राहील."

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने स्क्रू घट्ट आवळला, नळी बोटात घातली आणि हळूच वाजवलं. आवाज अगदी पहिल्यासारखा, स्वच्छ. बायको कान देऊन ऐकत होती.

"पण शनिवारी असंच पुटपुटणार आहेस का?" ती म्हणाली. "दणकून वाजव की. आपल्या खाली कोण राहतंय?"

त्याने हसून दणकून हात मारला. गिटार खरखरली.

त्याने स्क्रू चाचपले. सगळे घट्ट होते. त्याने एकेक स्क्रू काढला आणि झाकण उचललं. शंकूला बोटभर लांब चीर होती, मेणाने नीट बुजवलेली, आणि त्या मेणावर एका बाईमाणसाच्या बोटाचा लहानसा ठसा उमटलेला होता.